अकराव्या क्लबमधला हंगाम

१४ जुलै. सकाळी ६.१०
नवा क्लब, नवी खोली, नवी वही. क्लब अकरावा. टीममध्ये माणसं अकरा असतात, तसे माझे क्लब अकरा. (वाक्य बरं जमलंय. आत्मचरित्राच्या पहिल्या पानावर चालेल.)

खोली एका लाँड्रीच्या वर आहे. सकाळी सहापासून खालची वाफ फरशीतून वर येते. बायको फोनवर म्हणाली, दमट असेल. मी म्हटलं, याला स्टीम बाथ म्हणतात, मोठ्या क्लबांत खेळाडू यासाठी रांग लावतात.

एजंट म्हणाला, "त्यांना तातडीने कुणीतरी हवं होतं." कुणीतरी म्हणजे मीच. त्यांच्या सेंटर बॅकचा, म्हणजे माझ्याच जागेवरच्या बचावपटूचा, त्याच आठवड्यात पाय मोडला, हा निव्वळ योगायोग.

संकल्प :
साखर बंद.
कुणालाही दोष द्यायचा नाही.
डिसेंबरपर्यंत कॅप्टन.
रोज लिहायचं.

वय चौतीस. क्लबच्या फॉर्मवर बत्तीस पडलंय. चूक त्यांची. दुरुस्त करत बसायला मी काही कारकून नाही.

२३ जुलै
नऊ दिवस लिहिलं नाही. रोज लिहिण्यासारखं रोज घडत नाही, हे संकल्प करतानाच लक्षात घ्यायला हवं होतं. चौथा संकल्प रद्द.

कोचशी पहिली बैठक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. त्याच्या बचावातल्या तीन चुका मी त्याला समजावून सांगितल्या. तो पूर्ण वेळ टिपून घेत होता. उठताना सहज डोकावलो तर बसच्या वेळा लिहिलेल्या. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे डोकं चालतं त्याचं. चांगला आहे. शेवटी म्हणाला, "गरज पडली की सांगेन." हुकमाचा पत्ता असाच हातात राखून ठेवतात.

२ ऑगस्ट
धावण्याची चाचणी. चाळीस मीटर. बावीस जणांत एकविसावा. बाविसावा दुसरा गोलकीपर. त्याच्या बुटाचा तळ निघाला होता.

मुळात बचावपटूला वेग लागत नाही. ज्याला पुढचं आधी कळत नाही, त्याला वेग लागतो. हे मी क्लबच्या फिजिओबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उजवा गुडघा दुखतो का?" नाही म्हटलं. खरंच दुखत नाही. सकाळी उठल्यावर थोडा विचार करतो, आणि मग वाकतो.

६ ऑगस्ट
माझा जोडीदार ठरला. सगळे त्याला खांब म्हणतात. सहा फूट तीन इंच आणि अंगावर मांस नाही. एकतीस वर्षांचा. याच शहरात वाढला, नऊ वर्षं याच क्लबात. नऊ वर्षं एकाच ठिकाणी! महत्त्वाकांक्षा म्हणून काही असते की नाही माणसाला? बायकोचं नाक्यावर वह्या-पेनांचं दुकान आहे, सराव संपला की हा तिथे जाऊन झेरॉक्स काढून देतो. बोलत तर नाहीच. आज सरावात मी त्याला एकूण चाळीसेक सूचना दिल्या. त्याने एकदाच तोंड उघडलं. "मागे."

मागे माझा माणूस होता, मी अडवायचा तो. माहीत होतं मला.

याला तयार करावं लागेल. करू.

२० ऑगस्ट
पहिली मॅच. मी बेंचवर. माझ्या जागी कोचने एका मिडफिल्डरला खेळवलं. मिडफिल्डरला! सुताराला दाढी करायला बसवावं तसा प्रकार. मला तीनदा वॉर्म-अपला उठवलं, तीनदा बसवलं. दुसऱ्या टीमवर दडपण आणायची ही जुनी युक्ती आहे.

बायकोचा फोन. खेळलास का? मी म्हटलं, मला डावपेच म्हणून राखून ठेवलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे नाही." एक्स-रे काढणाऱ्या बाईशी संसार म्हणजे हे असं. थेट हाडापर्यंत.

१७ सप्टेंबर
मागच्या मॅचला मिडफिल्डरला लाल कार्ड! (त्याच्याविषयी मला वाईट वाटतं.) उद्या मी पहिल्या अकरांत.

१८ सप्टेंबर
१-१. आमचा गोल पंचविसाव्या मिनिटाला. त्यांचाही गोल आमचाच, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझा. कॉर्नर आला, मी हेडर मारला, जोरकस, अगदी कोपऱ्यात. फक्त गोल आमचा होता. गोलकीपर ओरडला नाही. ओरडायला नको का? वाराही होता. पण दुसरा संकल्प आठवून मी कुणालाही दोष दिला नाही. गोलकीपरला फक्त एवढंच म्हणालो, पुढच्या वेळी ओरडत जा.

खांबने माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि निघून गेला. ही कुठली पद्धत?

१९ नोव्हेंबर
बरेच दिवस वहीला हात लावला नाही. यशस्वी माणसाला लिहायला वेळ नसतो. नऊ मॅचेस सलग मी आणि खांब. त्यातल्या पाच मॅचेसमध्ये आम्ही एकही गोल होऊ दिला नाही. लीगच्या टेबलावर आठवे. काल पहिल्या नंबरच्या टीमला ०-० वर रोखलं.

आज पेपरात आलंय. "खांब सर्वत्र होता" असा मथळा. फोटो त्याचाच. खाली अकराव्या ओळीत माझं नाव, एक अक्षर चुकलंय, पण ओळखू येतं. "सोबतीला" असा शब्द वापरलाय. कात्रण कापून वहीत ठेवलंय. मथळा कापताना फाटला.

खरं सांगायचं तर खांब सर्वत्र असतो, कारण मी त्याला सर्वत्र पाठवतो. हे वार्ताहराला कसं कळणार? मला एकच खटकतं. हा सारखा माझ्या अंगावर येऊन उभा राहतो. माझा चेंडू मी घ्यायच्या आत याचा पाय. थोडी जागा दे बाबा.

२७ डिसेंबर. घरी
पाच दिवसांची सुटी. कॅप्टन अजून जाहीर झालेला नाही, म्हणजे आहे तोच कॅप्टन आहे. अशा गोष्टींना वेळ लागतो.

लेक अकरा वर्षांची झाली. उंच झालीय. शेजारची मैत्रीण आली होती, तिने विचारलं, तुझे बाबा कुठल्या टीममध्ये? लेकीने मागच्याच्या मागच्या क्लबचं नाव सांगितलं. मी दुरुस्त केलं. लेक म्हणाली, "हो का?" आणि दोघी खेळायला गेल्या.

जिना उतरताना मी कठडा धरला, ते बायकोने पाहिलं. आज मला हॉस्पिटलात घेऊन गेली, म्हणाली, जरा काम आहे. काम म्हणजे माझा गुडघा. तिच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी आधीच देऊन ठेवली होती. कट होता सगळा.

फिल्म उजेडावर धरून ती म्हणाली, "इथे दोन हाडांच्या मध्ये फट दिसायला हवी. दिसते का?"
मी नीट पाहिलं. म्हटलं, मशीन जुनं आहे.
"मशीन मार्चमध्ये आलंय."
मग मी उभा चुकीचा राहिलो असेन.
ती म्हणाली, "फिजिओबाईंना सांग. सांगशील ना?" मी म्हटलं, परत गेल्या गेल्या. आणि मनापासून म्हटलं. म्हणताना माझा पूर्ण विचार होता.

२९ डिसेंबर
जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म. लेकीच्या शाळेत खेळाचा शिक्षक हवाय. बायकोने सगळा भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी. एकतीस जानेवारी शेवटची तारीख. ती म्हणाली, "इथे राहशील. सकाळी तिच्याबरोबर शाळेत जाशील."

शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना रांगेत उभं करायचं! ज्याने पहिल्या नंबरच्या टीमला रोखलं त्याने! अर्थात तसं बोललो नाही. म्हटलं, हंगाम संपू दे, जूनमध्ये बघू. ती म्हणाली, जूनमध्ये जागा नसेल. फॉर्म बॅगेत घातला. तिला बरं वाटावं म्हणून.

४ जानेवारी
फिजिओबाईंना सांगायचं होतं. त्यांच्या खोलीबाहेर रांग होती.

५ जानेवारी
रांग नव्हती. पण त्या फोनवर होत्या. कुणाच्या कामात व्यत्यय आणणं बरं दिसत नाही.

९ जानेवारी
महिन्याचा तब्येतीचा फॉर्म. "कुठलीही तक्रार नाही" या ओळीखाली सही करायची असते. तक्रार करणं माझ्या स्वभावातच नाही. केली सही.

फिजिओबाई म्हणाल्या, खाली बसून उठून दाखवा. मी टेबलाचा कोपरा धरून बसलो आणि धरूनच उठलो. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मी म्हटलं, छान टेबल आहे, सागवान का?

१५ जानेवारी
स्टेशनसमोरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. मॅचआधी दोन, हाफ टाइमला एक. चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये घेताना खांब आत आला. आरशात आमची नजरानजर झाली. त्याने नळ सोडला, हात धुतले, बंद केला. दारापाशी जाऊन म्हणाला, "सांग त्यांना."

एवढंच. दोन शब्द. पण बोलायची ढब अशी की जणू हा माझा मोठा भाऊ. तीन वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा. (क्लबच्या फॉर्मप्रमाणे एकच.) सांगायचं झालं तर कोचला हाच सांगेल, अशी मला चार दिवस धाकधूक होती. त्याने सांगितलं नाही. त्याचा काहीतरी स्वार्थ असणार. अजून लक्षात आलेला नाही.

३१ जानेवारी
फॉर्म बॅगेत आहे. सही करायची म्हणून बाहेर काढला होता. पण बायकोने "अनुभव" या रकान्यात "फुटबॉल खेळाडू" एवढंच लिहिलंय. सतरा वर्षं आणि दोन शब्द! पुन्हा नीट लिहायला हवं होतं. पोस्ट बंद झालं.

१२ फेब्रुवारी
आज व्हिडिओची बैठक. क्लबचा व्हिडिओवाला पडद्यावर ठिपके दाखवतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. त्याने गेल्या चौदा मॅचेस एकावर एक लावल्या. खांबचा ठिपका प्रत्येक मॅचमध्ये त्याच्या जागेपासून चार मीटर सरकलेला. माझ्या बाजूला. त्यामुळे त्याच्या बाजूला हे एवढं मोठं भगदाड.

कोच भडकला. सगळ्यांसमोर विचारलं, "तू तुझी जागा का सोडतोस?"
खांबने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणच. मग म्हणाला, "सवय लागली."
कोच म्हणाला, "मोड सवय. यापुढे जागेवरून हललास तर बाहेर बसवीन."

मला वाईट वाटलं. इतकी प्राथमिक चूक, आणि या वयात. बाहेर आल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, की होतं असं, जागा सांभाळणं हा बचावाचा पाया आहे. तर तो हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिला. खूप वेळ हसला. डोळे पुसले आणि गेला.

विचित्र माणूस.

१८ मार्च
०-३. खांब जागेवर.

२५ मार्च
१-४. खांब जागेवर. टेबलावर चौदावे.

१ एप्रिल
०-२. सोळावे. शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात, आणि टीम अठरा.

माझं विश्लेषण : खांबचा फॉर्म गेलाय. फेब्रुवारीपर्यंत किती छान खेळत होता! कोचने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, नाजूक माणसं असतात. माझ्या बाजूने चार गोल झाले, पण ते मारणारे चारही वेगवान स्ट्रायकर होते. तीन वेगवेगळ्या टीमना एकाच वर्षी वेगवान स्ट्रायकर मिळावेत, याला नशीब म्हणतात.

गोळ्या आता मॅचआधी चार.

शाळेतली जागा भरली. बायकोने नुसतं कळवलं. चिडली नाही. चिडली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

३ मे
शेवटच्या मॅचला आठवडा. बरोबरी केली तरी वाचतो. पाय मोडलेला सेंटर बॅक बरा झालाय. कोचने मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, "मला खरं सांग. गुडघा शंभर टक्के आहे का? नसेल तर आत्ता सांग, मी तुला काही म्हणणार नाही."

इतक्या सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण अशा मॅचला अनुभव लागतो. ती मॅच मी बेंचवरून पाहिली तर पुढे सांगायला काय राहील?

म्हटलं, एकशे दहा.

१० मे. सकाळी ७.००
आज. झोप उत्तम. साखर दोन चमचे, ताकदीसाठी. ड्रेसिंग रूममध्ये बोलायला चार ओळी लिहून ठेवल्यात. लेकीला टीव्ही लावायला सांगितलंय.

१० मे. संध्याकाळ
०-१. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला.

१३ मे
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

लांब चेंडू आला, माझ्या डोक्यावरून. त्यांचा नऊ नंबर माझ्या मागे. मला फक्त वळायचं होतं. हजारो वेळा वळलोय. वरचं अंग वळलं. गुडघा वळला नाही. नऊ नंबर गेला.

खांब त्याच्या जागेवर होता. त्याच्याकडे त्याचा स्वतःचा माणूस होता, सात नंबर. खांबने तो सोडला आणि नऊ नंबरच्या आडवा धावला. पोचलाही. पण तोवर नऊ नंबरने चेंडू बाजूला ढकलला, आणि तिथे सात नंबर एकटा. रिकामा गोल.

टीव्हीवर जो तुकडा दाखवतात, तो खांब जागा सोडतो तिथून सुरू होतो. त्यात मी नाहीच.

ड्रेसिंग रूममध्ये कुणी रडत होतं, कुणी बूट आपटत होतं. कोच खांबसमोर उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "सात नंबर कुणाचा होता?"
"माझा."
"मग का सोडलास?"
खांब गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. वीस माणसं त्याच्याकडे बघत होती. मी बुटाची लेस सोडत होतो. गाठ फार घट्ट बसली होती.

बोलणार होतो. शब्दही जुळवले होते. पण कोच दाणकन दार आपटून गेला, आणि मग बोलायचं कुणाशी?

१६ मे
क्लब खालच्या लीगमध्ये. ऑफिसबाहेर यादी लागली. अकरा खेळाडूंना सुट्टी. व्हिडिओवाल्याला सुट्टी. बावीस वर्षं आमचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या मामांना सुट्टी. ते नेहमीसारखे मोजे जोडीने लावत बसले होते. म्हणाले, "हे तेवढं संपवून जातो."

यादीत सर्वांत वर खांब.

नाक्यावरच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने लिहिलंय, "जागा सोडली, इज्जत सोडली." मी बसमधून पाहिलं. वहिनी, म्हणजे खांबची बायको, रॉकेलच्या बोळ्याने पुसत होत्या. "जागा" पुसलं गेलं होतं, बाकीचं व्हायचं होतं.

२१ मे
कोचने बोलावलं. बरेच जण स्वतःहून सोडून गेलेत, कुणीतरी अनुभवी हवं. आणखी एक वर्ष! कदाचित कॅप्टनही. ("कदाचित" माझा शब्द.) मेडिकल झालं की सही.

फोन करून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मेडिकलमध्ये एक्स-रे असतो." म्हटलं, असतो. मग म्हणाली, "त्या दिवशी मी टीव्हीवर पूर्ण बघितलं. तू वळला नाहीस."
"चेंडू उडाला होता."
"त्या माणसाच्या नावाने लोक बोंबा मारतायत. आणि तू गप्प?"
मी म्हटलं, ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी बाहेरच्यांना कळत नाहीत. तिने फोन ठेवला.

२६ मे
मेडिकल. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, कालपासून थोडं. फिजिओबाईंनी फाइल उघडली. पाच महिन्यांचे पाच फॉर्म, पाचांवर माझी सही. त्यांनी एकेक सही बोटाने दाखवली. "तुम्हाला मी रोज विचारलं," एवढंच म्हणाल्या.

दुपारी कोच. "मी ती मॅच आज पुन्हा पहिल्यापासून बघितली," म्हणाला. "आणि ते ठिपकेही." मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, "त्याला मी फोन लावला. उचलला नाही. उचलणार नाही माझा. तू जा. तू सांग."

वर्ष नाही. काहीच नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि खेळणं बंद.

२७ मे
खांबला फोन करणार. आज बॅटरी संपली.

२९ मे
फोनवर अशा गोष्टी बोलायच्या नसतात. समोरासमोर बोलायला हवं.

२ जून
समोरासमोर बोलायला मनाची तयारी लागते. खोली रिकामी करतोय. तीन बॅगा.

५ जून
बायकोचा फोन. कधी येणार ते विचारायला, असं वाटलं. ती म्हणाली, "आधी त्याच्या घरी जा. सगळं सांग. मग घरी ये." मी म्हटलं, आणि नाही सांगितलं तर? "तर मला तरी खोटं सांगू नकोस." मागे लेकीचा आवाज येत होता, पाढे म्हणत होती की गाणं, कळलं नाही.

उद्या जाणार. नक्की.

७ जून. सकाळी ११.४०, बस स्टँड
जाऊन आलो.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. दार उघडंच, खोलीत खोकी. दुकान विकून ते वहिनींच्या माहेरच्या गावी निघालेत. तिथल्या फॅक्टरीत त्याला गोडाऊनवर नोकरी मिळालीय. खाली टेम्पो उभा. खांब कपाटाला दोरी बांधत होता. मला पाहून ना चकित झाला ना काही. म्हणाला, "बरं झालं आलास. वरची बाजू धर."

काम चाललं असताना कसं बोलणार? धरली. वरची बाजू हलकी असते, वजन खालच्या माणसावर येतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला वळायचं होतं. गुडघा नाही म्हणाला. कपाट सुटलं. खांबने ते छातीवर घेतलं, पाठ भिंतीला लावून थोपवलं. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी भिंतीने सोलली. मी म्हटलं, पायरी ओली होती. तो म्हणाला, "हं."

कपाट त्याने आणि टेम्पोवाल्याने खाली नेलं.

मग वर बसलो, खोक्यांवर. वहिनींनी त्याच्या हाताला मलम लावलं. लावता लावता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर शेजारीच होतात. यांनी त्या दिवशी आपली जागा का सोडली हो? मी विचारून विचारून थकले. सांगतच नाहीत. लोक काय काय बोलले. मला निदान कळू दे."

खोलीत पंखाही नव्हता, काढून ठेवलेला. बाहेर टेम्पोचं इंजिन चालू. खांब माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. नुसता बघत होता, मैदानावर बघायचा तसा, की आता हा काय करतो.

मी म्हटलं, "वहिनी, खेळात असं होतं कधी कधी."

त्यांनी मलमाची डबी उघडीच धरली. अजून काही येईल असं वाटलं असावं. मग मलमाचं झाकण लावलं.

खांब म्हणाला, "त्याला पाणी दे."

एक पेला पॅक करायचा राहिला होता, त्यात दिलं. सगळं प्यायलो. पेला धुऊन त्यांनी कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. मी निघालो तेव्हा खांब दारापर्यंत आला, म्हणाला, "सावकाश उतर."

तीन मजले उतरायला किती वेळ लागला ते बघितलं नाही. वर कुणी उभं होतं का, तेही बघितलं नाही. घरी काय सांगायचं ते बसमध्ये ठरवीन. रस्ता सहा तासांचा आहे.

खाली फाटकाशी दम घ्यायला थांबलो होतो. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ओ, तिथून सरका, गाडी मागे घ्यायचीय."

सरकलो.